प्रतिसाद आणि संरक्षण : माशांच्या रोगप्रतिकाराविषयीच्या रेणवीय संशोधनाचे एक परीक्षण

१

शास्त्राच्या वाढीत एक अवस्था अशी येते की, मोजमापाचे नवे साधन हाती पडते आणि त्या साधनाने जे मोजता येते तेच आपण आजवर शोधीत होतो, असा समज हळूहळू रूढ होतो. माशांच्या रोगप्रतिकाराविषयी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या देशात जे विपुल संशोधन झाले, त्याला आज ही अवस्था प्राप्त झाली आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. रोगजंतूचा संसर्ग झाल्यावर माशाच्या पेशींतील कोणती जनुके कार्यान्वित होतात, हे सूक्ष्मपणे मोजण्याची पद्धती उपलब्ध झाली. आणि जनुके कार्यान्वित झाली म्हणजे माशाला संरक्षण लाभले, असा निष्कर्ष त्या मोजमापाच्या पाठोपाठ येऊ लागला. यांपैकी पहिले विधान प्रयोगसिद्ध असते; दुसरे बहुधा गृहीत धरलेले असते. या दोहोंमधील अंतर कोणते आणि ते भरून काढावयाचे तर आपल्या भागातील अभ्यासकाने कोणती वाट धरावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विचार बल्लारपूरला धरून करण्यास सबळ कारण आहे. बल्लारपूर वर्धा नदीच्या काठी वसले आहे. हीच वर्धा पुढे वैनगंगेस मिळते आणि प्राणहिता या नावाने गोदावरीकडे जाते. नदीच्या दोन्ही अंगांस आणि पूर्वेकडे गडचिरोलीच्या वनप्रदेशापर्यंत जुने तलाव पसरलेले आहेत. मालगुजारी १९५१ साली संपुष्टात आली, तरी हे तलाव अद्याप 'माजी मालगुजारी' किंवा नुसते 'मामा तलाव' म्हणूनच ओळखले जातात. त्यांतील मासळीवर ढीवर समाजाच्या सहकारी संस्थांचे पोट चालते. गडचिरोलीस २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यापासून या दोन जिल्ह्यांतील पदव्युत्तर अभ्यासाला स्वतःचे केंद्र लाभले असून, प्राणिशास्त्राचे अनेक विद्यार्थी याच तलावांच्या काठच्या गावांतून येतात. माशाच्या अंगावर व्रण दिसू लागले की बाजारात त्याला गिऱ्हाईक मिळत नाही, ही गोष्ट त्यांना ग्रंथांतून शिकावी लागत नाही. तेव्हा माशाला रोगापासून खरोखर कशाने वाचविले, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने केवळ प्रबंधाचा राहत नाही.

२

या संशोधनाने काय मिळवून दिले, हे प्रथम मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. रक्तपेशी घडविणारी अस्थिमज्जा माशाला नसते. तिचे कार्य मूत्रपिंडाचा डोक्याकडील भाग, म्हणजे शीर्षवृक्क, पार पाडतो. सस्तन प्राण्यांसारख्या लसीका ग्रंथीही त्याला नसतात. एवढ्यावरून मासा म्हणजे एक अपुरा सस्तन प्राणी होय, अशी समजूत पूर्वी प्रचलित होती. रेणवीय अभ्यासाने ती दूर केली. जंतूंच्या घडणीतील ठळक विशेष ओळखून पेशीला सावध करणारी जी 'टोल-सदृश ग्राहके' असतात, ती माशांतही आहेत; इतकेच नव्हे, तर त्यांतील २२ क्रमांकाचे ग्राहक सस्तन प्राण्यांत आढळत नाही. भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेच्या संशोधकांनी रोहू, कटला आणि मृगळ या आपल्या प्रमुख माशांतील अशा ग्राहकांचे वर्णन करून मोलाची भर घातली आहे.

ग्राहकाने जंतू ओळखला की पेशीच्या आत एक संदेशमालिका सुरू होते आणि तिच्या शेवटी दाह उत्पन्न करणारी संदेशक प्रथिने, विषाणुविरोधी इंटरफेरॉन, सूक्ष्मजंतुनाशक पेप्टाइडे इत्यादींची निर्मिती होते. प्रतिपिंडांच्या बाबतीतही असेच नवे ज्ञान मिळाले. माशाच्या रक्तातील मुख्य प्रतिपिंड म्हणजे 'आयजीएम' हे माणसात पाच एककांचे, तर अस्थिमत्स्यांत चार एककांचे असते. २००५ साली माशांत एका निराळ्याच वर्गाच्या प्रतिपिंडाचा शोध लागला. त्याला आज 'आयजीटी' म्हणतात. आणि ते आतड्याच्या श्लेष्मल आवरणाचे रक्षण करते, असे २०१० साली ट्राउट माशात दाखविण्यात आले. ही सर्व कमाई पक्की आहे. आक्षेप आहे तो या कमाईच्या आधारे जी उचल घेतली जाते, तिच्यावर.

३

या विषयावरील नमुनेदार निबंधाचा आराखडा वाचकांच्या परिचयाचा असेल. रोहूची बोटुकली प्रयोगशाळेच्या टाकीत स्थिर तापमानात ठेवतात. 'ऐरोमोनास हायड्रोफिला' या जिवाणूची ठराविक मात्रा त्यांच्या उदरपोकळीत सुईने टोचतात. ३, ६, १२, २४, ४८ आणि ७२ तासांनी काही मासे काढून त्यांच्या शीर्षवृक्क, यकृत व प्लीहा यांतील संदेशवाहक आरएनए मोजतात. अमुक जनुकाची अभिव्यक्ती १२ तासांनी इतक्या पट वाढली, असा आलेख काढतात. आणि समारोपात 'यावरून हे जनुक रोगप्रतिकारात महत्त्वाचे असल्याचे दिसून येते' हे वाक्य येते. हे वाक्य इतक्या निबंधांच्या शेवटी इतक्या सहजतेने येते की, ते तपासून पाहण्याचे आपल्या मनातही येत नाही. तपासू गेल्यास त्याच्यावर निदान पाच आक्षेप संभवतात.

पहिला आक्षेप प्रवेशाविषयीचा. तलावातील माशाला जंतू सुईतून मिळत नाही. त्याला प्रथम अंगावरील बुळबुळीत श्लेष्म, त्यातील लायसोझाइम, पूरक प्रथिने व प्रतिपिंडे आणि नंतर त्वचा यांतून वाट काढावी लागते. सुईने ही सारी तटबंदी एका क्षणात ओलांडली जाते. मग आपण ज्याचा अभ्यास करतो, तो तट पडल्यानंतरचा गोंधळ असतो. आणि बहुतेक मासे तट शाबूत राहिल्यामुळेच वाचतात.

दुसरा आक्षेप ऊतीविषयीचा. शीर्षवृक्काचा तुकडा म्हणजे अनेक जातींच्या पेशींचे मिश्रण होय. संसर्ग होताच भक्षक पेशी तेथून निघून जखमेकडे धावतात. अशा वेळी शीर्षवृक्कातील एखाद्या संदेशाचे प्रमाण घटले, तर पेशींनी तो संदेश लिहिणे थांबविले, की लिहिणाऱ्या पेशीच तेथून निघून गेल्या, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

तिसरा आक्षेप 'पट' या शब्दाविषयीचा. मूळ प्रमाण नगण्य असेल, तर त्याच्या वीसपट होणारी राशीही अल्पच राहील. उलट मुळात विपुल असलेल्या प्रथिनाचे प्रमाण दीडपट झाले, तरी त्याचा परिणाम मोठा होऊ शकेल. शिवाय संदेश म्हणजे प्रथिन नव्हे. संदेश लिहिला गेला तरी प्रथिन तयार होणे, ते योग्य स्थळी पोहोचणे आणि कार्यक्षम राहणे, या पायऱ्या पुढे उरतातच.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर असून त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. टोचलेली मात्रा घातक असेल, तर ७२ तासांनी नमुना घेताना टाकीत केवळ जगलेले मासेच उरलेले असतात. जे मेले त्यांच्या पेशींनी काय केले, याची नोंद त्या आलेखात नसते. तेव्हा आलेखाचा चढ हा एकाच माशातील बदल दाखवितो, की दुबळे मासे गळाल्यामुळे सरासरीत झालेला बदल दाखवितो, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

पाचवा आक्षेप संख्येचा. एका टाकीतील ३० मासे एकाच पाण्यात, एकाच अन्नावर आणि एकमेकांच्या संसर्गात राहतात. ते ३० स्वतंत्र प्रयोग होत नाहीत. तो एका टाकीचा एक प्रयोग होतो. संख्याशास्त्राची कसोटी लावताना ही गोष्ट विसरली की, किरकोळ फरकालाही सिद्धांताचे रूप येते.

४

हे आक्षेप केवळ तार्किक नाहीत, हे दाखविण्यास आपल्याच भागातील एका माशाचे उदाहरण पुरेसे आहे. तो मासा म्हणजे मरळ. मरळ हवेतूनही श्वास घेऊ शकते. त्यामुळे उन्हाळ्यात तलाव आटत आला तरी ती तग धरते. जिवंत स्थितीत बाजारात आणता येत असल्याने तिला भावही चांगला मिळतो. अशा चिवट माशाचा एक शत्रू मात्र फार प्रबळ आहे. तो म्हणजे साथीचा व्रणरोग.

हा रोग १९७१ साली जपानमध्ये प्रथम नोंदला गेला. ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियातून फिरत तो बांगलादेशमार्गे १९८८ साली ईशान्य भारतात आला आणि पुढील काही वर्षांत देशाच्या बहुतेक भागांत पसरला. त्याच्या कारणाविषयी दीर्घकाळ वाद चालला. व्रणांतून विषाणू मिळाले, ऐरोमोनास जिवाणू तर हमखास मिळाले, आणि म्हणून तेच कारण असावेत असे अनेकांना वाटले. अखेरीस 'ॲफॅनोमायसीस इन्व्हेडन्स' हा बुरशीसदृश जलजीव मूळ कारण ठरला. तो खऱ्या बुरशीच्या कुळातील नव्हे. त्याची पेशीभित्ती कायटिनपेक्षा सेल्युलोज व ग्लुकॅन यांची असते. त्याचे तंतू त्वचेतून थेट स्नायूंत शिरतात आणि माशाचे शरीर त्यांच्याभोवती दाहपेशींच्या गाठी बांधू लागते.

आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कॉमन कार्प, ज्याला आपले मच्छीमार सायप्रिनस म्हणतात, या रोगाला सहसा बळी पडत नाही. मरळ मात्र सहज पडते. आणि दोघांतही प्रतिसाद असतोच. मरळीचे शरीर निष्क्रिय राहते असे मुळीच नाही. फरक आहे तो प्रतिसादाच्या वेगात आणि तंतूंना कोंडून टाकण्याच्या त्याच्या सामर्थ्यात. केवळ 'अभिव्यक्ती वाढली काय?' असे विचारल्यास वाचणारा मासा आणि मरणारा मासा या दोघांकडूनही 'होय' हेच उत्तर येण्याचा संभव आहे. ज्या प्रश्नाला जगणारा आणि मरणारा एकच उत्तर देतात, तो प्रश्न संरक्षणाविषयीचा नाही, हे उघड आहे.

या संदर्भात १९९५ साली प्रसिद्ध झालेला थायलंडमधील प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावा असा आहे. प्रयोगासाठी घेतलेला मासा मरळच होता. त्याच जंतूचा संसर्ग घडवून मासे १९, २६ आणि ३१ अंश सेल्सिअस अशा तीन तापमानांत ठेवण्यात आले. १९ अंशांत दाह क्षीण राहिला आणि मृत्यू अधिक झाले. ३१ अंशांत दाह त्वरेने व जोमाने झाला, तंतू कोंडले गेले आणि मासे सावरले. मासा तोच, जनुके तीच, जंतूही तोच. बदलले ते केवळ पाण्याचे तापमान, आणि त्याबरोबर निकाल फिरला. कार्प माशांत प्रतिपिंडांच्या बाबतीत असाच तापमानाचा अंमल १९६९ साली इस्रायलमधील प्रयोगांत दिसून आला होता. थंड पाण्यात प्रतिजन टोचल्यास प्रतिपिंडे तयार होत नाहीत. परंतु आरंभीचे काही दिवस उबेत काढल्यावर मासे थंड पाण्यात हलविले, तर तयार होतात. थंडी ही संपूर्ण यंत्रणा बंद पाडीत नाही, तर तिच्यातील आरंभीची एखादी पायरी अडवून धरते, एवढा बारकावा त्या साध्या प्रयोगाने उघड केला.

चंद्रपूरच्या हवामानाकडे या दृष्टीने पाहावे. उन्हाळ्यात येथे हवेचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते; डिसेंबर-जानेवारीत रात्री ते १० अंशांच्या आसपास उतरते. व्रणरोगाचा हंगाम पावसाळ्यानंतर पाणी थंडावू लागते तेव्हाचा. अशा प्रदेशातील माशाच्या प्रतिकाराविषयी २८ अंशांच्या स्थिर टाकीतून काढलेला निष्कर्ष म्हणजे वर्षातील काही आठवड्यांचे सत्य होय. ते असत्य नाही, पण ज्या आठवड्यांत मासे मरतात ते हे आठवडे नव्हेत.

५

यावर असा प्रतिवाद केला जाईल की, किती मासे जगले ही संख्या आंधळी असते. ते का जगले हे रेणूच सांगू शकतील. हा प्रतिवाद अर्धा खरा आहे. कारणमीमांसा रेणूंनीच करावयाची आहे, हे निर्विवाद. परंतु कशाची कारणे शोधावयाची, हे आधी जगण्यामरण्याच्या नोंदीनेच ठरले पाहिजे. हा क्रम उलटला की काय होते, हे अटलांटिक कॉड माशाच्या उदाहरणावरून कळते. त्याचा संपूर्ण जीनोम २०११ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा प्रतिपिंडनिर्मितीसाठी अत्यावश्यक मानलेली 'एमएचसी' द्वितीय वर्गाची यंत्रणा त्यात मुळातच नाही, असे आढळले. पाठ्यपुस्तकातील यादीप्रमाणे हा मासा रोगांनी केव्हाच नामशेष व्हावयास हवा होता. तो समुद्रात सुखाने नांदतो. यादीतील एखाद्या घटकाचे असणे वा नसणे यावरून संरक्षणाचा निवाडा होत नाही, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

ज्यांनी निवाड्याची कसोटी आधी ठरविली, त्यांची वाटचाल पाहण्यासारखी आहे. लसीच्या परीक्षेसाठी १९८१ साली अमेंड यांनी 'सापेक्ष जीवितप्रमाण' ही राशी सुचविली. लस दिलेल्या गटातील मृत्यूंच्या टक्केवारीला लस न दिलेल्या गटातील टक्केवारीने भागावे, तो भागाकार एकातून वजा करावा आणि उरलेल्यास १०० ने गुणावे. समजा, लसविरहित गटात ८० टक्के आणि लस दिलेल्या गटात २० टक्के मासे मेले. तर ही राशी ७५ येईल. गणित शाळकरी आहे, पण प्रश्न नेमका आहे. नॉर्वेत १९८७ साली सालमन माशांसाठी सुमारे ५० टन प्रतिजैविके वापरली गेली होती. परिणामकारक लसी रूढ झाल्यावर हा वापर अल्पावधीत अगदी थोड्यावर आला आणि सालमनचे उत्पादन मात्र वाढतच गेले. तेलयुक्त लसींमुळे उदरात चिकटाव होतो, हा दोषही तेथे लपविला गेला नाही. आपल्याकडे भुवनेश्वर येथे रोहूच्या निवड-पैदाशीचे जे कार्य १९९२ पासून चालले आणि ज्यातून 'जयंती' रोहू निपजला, त्यातही पुढे रोगप्रतिकाराचा विचार करताना ऐरोमोनासच्या संसर्गात कोणती कुळे तगतात आणि कोणती बळी पडतात, हे आधी पाहण्यात आले आणि मग त्या दोन गटांतील रेणवीय भेद तपासण्यात आले. क्रम असा हवा. येथे रेणू साक्षीदार म्हणून उभा राहतो. न्यायाधीशाची खुर्ची तो बळकावीत नाही.

६

आता पुन्हा बल्लारपूरकडे वळू. १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीच्या कागद कारखान्यामुळे या गावाचे नाव देशभर झाले. भोवती कोळशाच्या खाणी आहेत. तेव्हा पाण्याचा आणि माशांच्या प्रतिकाराचा संबंध हा येथील अभ्यासकाला आपसूक सुचणारा विषय होय. फिनलंडमध्ये कागद-लगद्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्यात राहिलेल्या 'रोच' या कार्पकुळातील माशाच्या रक्तातील प्रतिपिंडांवर होणारे परिणाम १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडले गेले आहेत. हा अभ्यास आपल्याला प्रश्न पुरवितो. उत्तर पुरवीत नाही. तेथील सरोवरांचे थंड पाणी, विरंजनाची पद्धती, सांडपाण्यावरील प्रक्रिया आणि माशाची जात, यांपैकी काहीच वर्धेला जसेच्या तसे लागू पडत नाही. तेथील निष्कर्ष येथील कारखान्यावर आरोप म्हणून चिकटविणे, हे टाकीतील आलेख तलावाला चिकटविण्याइतकेच अशास्त्रीय ठरेल. गावाच्या वरच्या आणि खालच्या अंगाचे पाणी, निरनिराळे ऋतू, एकाच जातीचे व वयाचे मासे, अशी स्वतःची मोजणी केल्यावाचून गत्यंतर नाही.

येथे एका शब्दाविषयी लिहिणे अप्रस्तुत होणार नाही. मराठीत आपण सर्रास 'रोगप्रतिकारशक्ती' म्हणतो. 'शक्ती' म्हटले की ती कमीजास्त होणारी, बाहेरून वाढविता येणारी एकच राशी आहे, असा भास होतो. आणि प्रतिकारशक्ती वाढविणारे खाद्य म्हणून जे काही विकले जाते, त्याचा आधार हाच भास असतो. वस्तुतः दाह वाढणे हे कधी रक्षण असते, तर कधी तोच ऊतींचा नाश करतो. ग्लुकॅन मिसळलेल्या खाद्याने एखाद्या जनुकाची अभिव्यक्ती वाढली, एवढ्यावर विसंबून मच्छीमार संस्थेने पैसा खर्च करावा काय, हा प्रश्न विचारण्याचा तिला अधिकार आहे. आणि उत्तर देण्याची जबाबदारी आपली आहे. निदान शास्त्रीय लेखनात तरी 'प्रतिकारसंस्था' आणि 'प्रतिसाद' हे शब्द योजावेत आणि 'संरक्षण' हा शब्द जगण्याची नोंद असेल तेथेच वापरावा, अशी आमची सूचना आहे.

या सर्व विवेचनाचा आपल्या विद्यार्थ्यांना होणारा लाभ असा. लहान गावातील महाविद्यालयात महागडे यंत्र नसते, म्हणून या विषयात आपल्याला काही करता येणार नाही, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात निर्णायक ठरणाऱ्या नोंदींपैकी कितीतरी त्यांच्या आवाक्यात आहेत : तलावातील पाण्याचे रोजचे तापमान, व्रण दिसू लागल्याचा दिवस, कोणत्या जातीचे व आकाराचे मासे बळी पडले, कोणते सावरले, स्नायूच्या छेदात तंतू कोंडले गेले की मोकाट पसरले, श्लेष्मातील लायसोझाइमची क्रियाशीलता किती. सूक्ष्मदर्शक, तापमापक, साधी रासायनिक सामग्री आणि मच्छीमारांशी सलोखा, एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते. त्यातून जेव्हा जगणाऱ्या आणि मरणाऱ्या माशांचे दोन गट स्पष्ट वेगळे निघतील, तेव्हा त्यांच्या ऊतींचे नमुने जपून ठेवावेत आणि मोठ्या प्रयोगशाळेच्या दारात घेऊन जावेत. तेव्हा त्या यंत्राला विचारण्याजोगा प्रश्न आपल्या हाती असेल.

रेणवीय संशोधन कमी करावे, असा या लेखाचा आशय नाही. रोहूच्या ग्राहकांवर जितके लिहिले गेले त्या मानाने मरळीकडे फारच थोडे लक्ष गेले, आणि टाकीतील उबदार पाण्याइतका विचार हिवाळ्यातील तलावाचा झाला नाही, हे वैगुण्य दाखवून देणे एवढाच हेतू आहे. माशाच्या पेशीने दिलेला प्रतिसाद आपण आता उत्तम रीतीने वाचू शकतो. त्या प्रतिसादाने मासा वाचला काय, हे मात्र अजूनही तलावाच्या काठी जाऊनच पाहावे लागेल.